वृक्षांच्या सावलीतील वनसंपदा आणि आपली भाषा

(लोक जैवविविधता नोंदवहीच्या कामासाठी भरलेल्या प्रशिक्षण वर्गात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



वन हा शब्द उच्चारला की आपली मान आपोआप वर जाते. साग, ऐन, हिरडा, जांभूळ, बिबळा अशा उंच वृक्षांच्या आकृती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आपले वनविषयक अहवालही बहुधा वृक्षांचेच असतात. झाडे किती, त्यांचा घेर किती, उंची किती, लाकूड किती, याचा हिशेब त्यांत काटेकोर असतो. त्या वृक्षांच्या पायथ्याशी घोट्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत जे रान वाढते, त्याच्या वाट्याला मात्र अखेरच्या रकान्यातील "झुडपे, गवत वगैरे" एवढे तीन शब्द येतात. आज मी आपणांपुढे त्या "वगैरे"ची बाजू मांडणार आहे.

मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. माहिती खात्यात काम करणारा कलाशाखेचा पदवीधर आहे. शब्द हे माझ्या व्यवसायाचे साधन, म्हणून या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने आलो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, वृक्षातळीच्या या वनस्पतींसाठी लागणारे नेमके शब्द आपल्या भाषेत आहेत. ते कागदावर उतरले नाहीत, तर त्या वनस्पती प्रथम नोंदीतून नाहीशा होतात आणि पुढे रानातूनही नाहीशा होण्याचा मार्ग मोकळा होतो.

वनाचे मजले

वन हे एकसंध नसते, ते मजल्यांचे असते. सर्वांत वर वृक्षांचे पर्णछत्र, त्याखाली लहान वृक्ष, त्याखाली झुडपे आणि अगदी तळाशी गवत, नेचे, कंदवर्गीय वनस्पती, शेवाळ व पालापाचोळा. या मजल्यांचे सारे जीवन प्रकाशाच्या वाटपावर अवलंबून असते. घनदाट सदाहरित वनात पर्णछत्रावर पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारणतः एक ते दोन टक्केच प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो. तेवढ्या तुटपुंज्या उजेडावर जगणाऱ्या वनस्पतींची पाने बहुधा रुंद, पातळ आणि गडद हिरवी असतात.

महाराष्ट्रातील बहुतेक वने पानझडी आहेत. तेथे हा व्यवहार ऋतूनुसार बदलतो. फाल्गुन-चैत्रात पाने गळतात, ऊन थेट जमिनीवर येते. पण तेव्हा मातीत ओल नसते. मृगाच्या पावसाने ओल येते आणि त्याच सुमारास वरचे छत्र पुन्हा दाट होऊ लागते. ओल आणि उजेड ही दोन्ही एकत्र लाभतात तो काळ फार थोडा असतो. तळाच्या कित्येक वनस्पतींनी आपले आयुष्य या मोजक्या दिवसांत बसवले आहे. भुईचाफ्याची फुले उन्हाळ्यात, पाने येण्यापूर्वीच, थेट जमिनीतून उमलतात. शेवळाचा फुलोरा पावसाच्या तोंडावर वर येतो आणि पान मागाहून येते. रानहळद, सफेद मुसळी, कळलावी यांचे कंद वा गाठी आठ महिने जमिनीत निजलेल्या असतात व पहिल्या सरींबरोबर अंकुरतात. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला ती जमीन ओसाड दिसेल. ती ओसाड नसते, तिच्या पोटात पुढच्या पावसाळ्याची सिद्धता असते.

जुने वर्गीकरण

या वनस्पतींना नावे देण्याचे आणि त्यांची प्रतवारी लावण्याचे काम आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेने वनस्पतींचे चार वर्ग मानले. फुलांवाचून फळणारे ते वनस्पती, फुलून फळणारे ते वानस्पत्य, फळ पिकताच ज्यांचे आयुष्य संपते त्या ओषधी आणि पसरत जाणाऱ्या त्या वीरुध. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात वनौषधींचा स्वतंत्र वर्ग आहे. ज्यांना सरळ बुंधा नाही अशा वनस्पतींसाठी तेथे स्तंब, गुल्म हे शब्द दिलेले आहेत. बुंधा नसणे ही उणीव न मानता त्याला स्वतंत्र नाम देण्याची दृष्टी त्यात दिसते.

येथे एका मात्रेकडे आपले लक्ष वेधतो. ओषधी म्हणजे मऊ खोडाची, लाकूड न धरणारी लहान वनस्पती. औषधी म्हणजे रोगावर उपयोगी पडणारी. शास्त्रीय लेखनात ओषधी हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला जातो. परंतु नक्कल करताना ओ चा औ झाला की रानातील प्रत्येक लहान रोपटे एकाएकी औषधी ठरते. मग कोणीतरी त्याचा बाजार शोधतो, किंवा वाचणारा त्या यादीवरचा विश्वासच सोडतो. दोन्हींत नुकसान आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी राउंकियर या डॅनिश शास्त्रज्ञाने वनस्पतींची जी विभागणी सुचवली, ती या संदर्भात उद्बोधक आहे. नुसती उंची न मोजता त्याने विचारले की, प्रतिकूल ऋतूत ही वनस्पती आपली पुढची कळी कोठे जपते? काही वनस्पती ती उंच फांदीवर जपतात, काही जमिनीलगत, काही जमिनीच्या पृष्ठावर, काही जमिनीखाली कंदात आणि काही केवळ बीजात. ज्याने एक पावसाळा आणि एक उन्हाळा रानात काढला आहे, अशा आपल्या गावच्या कोणत्याही गुराख्याला या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

लोकभाषेची समृद्धी

आता आपल्या बोलीकडे वळू. भुई हा एकच शब्द पाहा. भुईआवळीत तो ठेंगणेपणा सांगतो, कारण तिची पाने आवळ्याची आठवण देतात, पण रोप वीतभरच. भुईचाफ्यात तो फूल जमिनीतूनच उमलते हे सांगतो. भुईकोहळ्यात तो जमिनीखालच्या मोठ्या कंदाकडे बोट दाखवतो, मग वर वेल कितीही उंच चढो. भुईरिंगणीत तो जमिनीवर अंग टाकून पसरण्याची रीत सांगतो. एकाच पूर्वपदाच्या चार अर्थांत या वनस्पतींचे चार स्वभाव आले.

वाढण्याच्या रीतीसाठी आपल्याकडे क्रियापदे किती आहेत! वनस्पती उभी वाढते, पसरते, सरपटते, बिलगते, फोफावते, माजते. समूहासाठीचे शब्द त्याहून नेमके आहेत. करवंदीची जाळी असते, बांबूचे बेट असते, गवताचे ठोंब असते, फुलांचा ताटवा असतो आणि जेथे पाऊल टाकायला वाट राहत नाही ते गचपण. जाळीत ससा लपतो, बेटाला दरवर्षी नवे कोंब येतात, ठोंबाने माती धरलेली असते. म्हणजे शब्द उच्चारताच त्या जागेची स्थितीही कळते. "दाट झुडपे" या सरकारी शब्दप्रयोगात यांतले काहीच येत नाही.

उंचीसाठी वीतभर, हातभर, घोट्याएवढे, गुडघाभर, कंबरेइतके, पुरुषभर ही मापे आहेत. ती सेंटिमीटरची जागा घेणार नाहीत, हे मान्य. परंतु मोजपट्टी जवळ नसलेल्या माणसाने केलेली "गुडघाभर" ही नोंद "लहान" या नोंदीपेक्षा केव्हाही अधिक विश्वसनीय होय.

ठेंगणे, लहान आणि खुरटे

या सर्व शब्दांत तीन शब्दांचा विवेक मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. ठेंगणे, लहान आणि खुरटे हे आपण सैलपणे एकमेकांऐवजी वापरतो. वनाच्या बाबतीत ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

ठेंगणे म्हणजे जातीनेच कमी उंचीचे. सफेद मुसळी, भुईआवळी, नेचे, दिंडा, भारंगी यांची वाढ पूर्ण झाली तरी ती वृक्ष होत नाहीत. त्यांत उणे काही नाही.

लहान म्हणजे आज कमी उंचीचे, पण उद्या वाढणारे. वृक्षांची रोपे या वर्गात येतात. येथे दृष्टी फसण्याचा फार संभव आहे. कोरड्या पानझडी वनांतील अनेक वृक्षांची रोपे उन्हाळ्यात वा वणव्यात वरून मरतात, पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतात आणि असे कित्येक वर्षे चालते. वर वीतभर शेंडा दिसतो, खाली मूळ मात्र दरवर्षी जाड होत असते. पुरेसे बळ साठले की एखाद्या वर्षी तो शेंडा झपाट्याने उंच जातो. म्हणजे घोट्याएवढ्या रोपाचे वय पाच वा दहा वर्षेही असू शकते. त्याला गवताबरोबर कापणे म्हणजे इतक्या वर्षांची ठेव बुडवणे होय.

खुरटे म्हणजे जे वाढू शकले असते, पण वाढू दिले गेले नाही. वारंवार चराई, तोड, वणवा यांमुळे वृक्षही झुडपासारखा दिसू लागतो. याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण तेंदूचे आहे. तेंदू किंवा टेंभुर्णी हा वस्तुतः वृक्ष. विडीसाठी लागणारे कोवळे पान मात्र मुख्यतः मुळांपासून फुटलेल्या, कंबरेइतक्या झुडपांवरून खुडले जाते आणि पान चांगले यावे म्हणून हंगामापूर्वी त्या झुडपांची छाटणी करतात. येथे खुरटेपण माणसाने हेतुपूर्वक राखलेले आहे व त्यावर असंख्य कुटुंबांचा उन्हाळ्याचा रोजगार अवलंबून आहे. म्हणून "तेंदूची झुडपे" एवढे लिहून भागत नाही. जवळपास तेंदूचे पूर्ण वाढलेले, फळणारे वृक्ष उरले आहेत का, हेही लिहावे लागते. पाने झुडपांवरून मिळतील. बी मात्र वृक्षच देईल.

हा विवेक न ठेवण्याचा परिणाम वृक्षारोपणाच्या कामात दिसतो. "जागेची साफसफाई" या सदराखाली खड्डे खणण्यापूर्वी तळाचे सर्व रान कापले जाते. त्यात ठेंगण्या वनस्पती जातात, गावाच्या भाज्या जातात आणि जे वृक्ष आपण बाहेरून आणून लावणार, त्यांचीच आपोआप रुजलेली रोपे कित्येकदा जातात. खर्च करून आपण फुकट मिळालेले मोडतो. कामाच्या अंदाजपत्रकात "झुडपे काढणे" असे न लिहिता कोणती झुडपे काढावयाची आणि कोणती राखावयाची, एवढे दोन रकाने जरी आले, तरी हे टळू शकेल.

कारवीचा धडा

सह्याद्रीत राहणाऱ्यांना कारवी सांगावयास नको. डोंगरउतारांवर, वृक्षांच्या छायेत आणि उघड्या कड्यांवरही तिचे दाट रान माजते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड विणून, त्यांवर शेणमातीचा लेप देऊन कोकणात व मावळात पिढ्यान्‌पिढ्या भिंती उभ्या राहिल्या. कारवी साधारणतः सात ते आठ वर्षांनी एकदा, पण सगळी एकदम फुलते. त्या वर्षी डोंगर जांभळे होतात, मधमाश्यांची चंगळ होते. बी धरले की ती पिढी वाळते आणि पुढच्या पावसात तिच्या जागी नव्या रोपांची दाटी होते.

आता असे समजा की, फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात एखादा कर्मचारी पाहणीस गेला. त्याला वाळक्या काठ्यांनी भरलेला डोंगर दिसेल आणि तो प्रामाणिकपणे लिहील, "निरुपयोगी वाळलेली झुडपे." ते बीजाचे कोठार आहे हे त्या नोंदीत येणार नाही. तेथे आग लागली वा लावली, तर पंचनाम्यात नुकसान शून्य दिसेल. कारवी लाकूड धरते म्हणून तिला झुडूप म्हणावे, तर फळानंतर मरते म्हणून चरकाच्या व्याख्येने ती ओषधीच्या जवळ जाते. वर्गीकरणाचे शब्द उपयोगी आहेत. परंतु वनस्पतीचा जीवनक्रम ध्यानात घेतल्याविना ते लावता येत नाहीत, हाच कारवीचा धडा होय.

कायद्यातील शब्द

कोणी म्हणेल, हा भाषेचा छंद झाला. शासनव्यवहारात त्याने काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो हक्कांचा असतो. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात वृक्ष या संज्ञेची व्याप्ती सांगताना ताड-माडांच्या जातींबरोबर झाडांचे खुंट, झुडपी काटक्या आणि वेत यांचाही समावेश केलेला आहे. तळाच्या उर्वरित वनस्पतींचा उल्लेख त्या कायद्यात "वृक्ष नसलेल्या वनस्पती" असा नकारार्थी आहे. गवत, वेली, बोरू आणि शेवाळ यांना त्या नकारातच जागा मिळाली.

२००६च्या वनहक्क अधिनियमाने हे चित्र बदलले. बांबू, झुडपी काटक्या, खुंट, वेत, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे आणि कंद यांची गणना त्याने गौण वनोपजात केली आणि पारंपरिक रीतीने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. १९२७ साली जी काटकी कायद्याने वृक्षात मोजली, तीच २००६ साली गौण वनोपजात आली. काटकी बदलली नाही. तिचा रकाना बदलला आणि तिच्यावरचा हक्क बदलला.

पूर्व विदर्भातील "झुडपी जंगल" हे याहूनही बोलके उदाहरण आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली कागदपत्रांत या नावाने नोंदलेली आहे. हलकी जमीन, विरळ वृक्ष, झुडपे आणि गुरांची चराई असे तिचे साधारण स्वरूप होते. हे वन मानावयाचे की नाही, हा वाद कित्येक दशके चालला. दरम्यान गोदावर्मन प्रकरणी १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वन हा शब्द त्याच्या शब्दकोशातील अर्थाने घ्यावा आणि शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले क्षेत्रही त्यात धरावे, असा आदेश दिला. अखेर २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी १९९६च्या आदेशानुसार वनजमिनीच मानल्या जातील, असा निर्णय दिला. त्याचबरोबर १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांच्या संरक्षणासाठी राज्याने वन संवर्धन कायद्याखाली मंजुरी घेण्याचा मार्गही दाखवला.

कोणे एके काळी कोण्या कारकुनाने जमिनीवरची वनस्पती पाहून झुडपी हे विशेषण लिहिले असेल. त्या एका विशेषणावर पुढे घरे, शाळा, स्मशानभूमी, चराई आणि वनरक्षण यांचे भवितव्य टांगलेले राहिले. आज आपण नोंदवहीत जो शब्द लिहाल, त्याचेही आयुष्य आपल्या सेवाकालापेक्षा मोठे असणार आहे.

हिरवे तेवढे सारे रान नव्हे

तळाचे सर्व रान राखावे असाही अर्थ यातून काढू नये. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि आज वृक्षांखाली तिचे गचपण माजले आहे. रानमोडी हीही अमेरिका खंडातून आलेली. रान मोडणारी ती रानमोडी, हा निवाडा तिचे नाव ठेवणाऱ्या लोकांनी केव्हाच देऊन ठेवला आहे. या वनस्पतींच्या दाटीत स्थानिक रोपांना उजेड मिळत नाही, गुरांना चारा मिळत नाही आणि उन्हाळ्यात आगीला इंधन मिळते. दुरून पाहिले तर कारवीही झुडूप आणि घाणेरीही झुडूप. "झुडपांचे आच्छादन चांगले" असा शेरा या दोन्हींवर सारखाच लागतो. एक डोंगर जपण्यासारखा आहे आणि दुसरा दुरुस्तीची वाट पाहत आहे, हे त्या शेऱ्यातून कळत नाही.

नाव आणि वर्णन

नाव लिहिले की काम झाले, असेही नाही. ब्राह्मी या एकाच नावाने दोन अगदी भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. आपल्याकडे बहुधा गोलसर पानांची, सरपटणारी मंडूकपर्णी त्या नावाने चालते. मुसळी पांढरी असते आणि काळीही असते, आणि त्या दोघी जवळच्या नात्यातल्याही नव्हेत. उलट ठाणे-रायगड भागात शेवळ आणि लोत ही दोन नावे एकाच वनस्पतीची आहेत. फुलोऱ्याची भाजी ती शेवळ आणि मागाहून येणाऱ्या पानाची ती लोत. केवळ नावे मोजणारा एकाच्या दोन जाती करील.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली निघाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात रानातील नावे विपुल आहेत, परंतु पुष्कळ नावांपुढे एक झुडूप वा एक वनस्पती एवढाच अर्थ दिलेला आढळतो. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात शास्त्रीय वर्णनाबरोबर देशी नावेही दिली, म्हणून आज शतकानंतरही नाव आणि वनस्पती यांची गाठ घालता येते. बोरिवलीच्या रानाचे नाव सफेद मुसळीच्या एका जातीला शास्त्रीय नावातच कायमचे मिळाले आहे. नाव आणि वर्णन एकत्र असले की ज्ञान टिकते.

ते न टिकल्यास काय होते, हे नरक्याने दाखवले आहे. सह्याद्रीच्या सदाहरित वनात मोठ्या वृक्षांखाली वाढणारा हा लहानसा वृक्ष. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही दुर्गंधाचाच निर्देश आहे. सरपणापलीकडे त्याला कोणी मोजत नव्हते. १९७२ साली त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले. कर्करोगावरील काही औषधे या द्रव्यापासून तयार होतात. त्यानंतर मागणी वाढली आणि रानोरानी नरक्याची बेसुमार तोड झाली. गावच्या दप्तरात नरक्या कोठे आणि किती होता याची नोंद असती, तर किती गेला हे तरी सांगता आले असते. जे लिहिलेलेच नाही, त्याची चोरीही सिद्ध होत नाही.

आपण काय करावे

२००२च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करणे हे तिचे एक प्रमुख काम आहे. या कामात तळाच्या वनस्पतीपुढे सहा गोष्टी लिहाव्यात, अशी माझी सूचना आहे. पहिली, गावात चालणारी सर्व नावे, ती कोणत्या भागाची वा अवस्थेची आहेत यासह. दुसरी, उंची आणि ती ठेंगणी, लहान की खुरटी यांपैकी कोणत्या प्रकारची. तिसरी, खोड लाकडी की मऊ. चौथी, वाढण्याची रीत व समूह. उभी की सरपटणारी, ठोंब की जाळी. पाचवी, ती केव्हा उगवते, फुलते आणि दिसेनाशी होते. सहावी, तिच्या डोक्यावर कोणता वृक्ष आहे आणि सावली किती आहे.

पाहणी वर्षातून एकदा करून चालणार नाही. निदान तीन वेळा, म्हणजे वैशाखात, आषाढात आणि कार्तिकात ती व्हावी. माहिती विचारावयाची ती प्रामुख्याने रानभाजी खुडणाऱ्या स्त्रियांना, गुराख्यांना आणि वैदूंना. शेवळ खाजरे असते आणि ते काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवावे लागते, हे ज्ञान कोणत्याही कार्यालयात नाही, स्वयंपाकघरात आहे. सभेला पुरुष येतात आणि रान स्त्रियांना ठाऊक असते, ही आपल्या पद्धतीतील उणीव समित्यांनी दूर केली पाहिजे. तसेच ज्यांनी माहिती दिली, त्यांना विचारल्यावाचून एखाद्या दुर्मिळ वनस्पतीचे ठिकाण जगजाहीर करू नये.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला वृक्ष, झुडूप, वेल असे तीन शब्द पाठ करून घेण्याबरोबर मुलांना त्यांच्या घरी चालणारे शब्द आणावयास सांगावे. आदिवासी पाड्यावरील मूल गोंडी, कोरकू, भिल्ली वा वारली बोलीतील नाव आणील. ते चूक म्हणून खोडू नये, मराठी नावाशेजारी लिहावे. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, असे म्हणतात. तेरड्याचा रंग खरोखरच अल्पकाळचा. पण ही म्हण रचणाऱ्याने तो तीन दिवस तरी निरखून पाहिला होता. आजच्या विद्यार्थ्याने तेरडा न पाहताच ती म्हण लिहू नये, एवढीच अपेक्षा आहे.

पंचायत सदस्यांना सांगणे असे की, नोंदवही ही ठेकेदाराकडून भरून घेण्याची वस्तू नव्हे. शेजारच्या गावाची यादी उतरवून काढलेल्या नोंदवहीत आपल्या गावचे रान नसते. वीस वनस्पतींची खरी नोंद ही दोनशे वनस्पतींच्या उसन्या यादीपेक्षा मोलाची आहे. उद्या आपल्या हद्दीतील वनावर एखादा प्रस्ताव आला, तोडीचा, खाणीचा वा रोपवनाचा, तर ग्रामसभेपुढे बोलण्यास आपल्या हाती हीच वही असेल. त्या वहीत "झुडपे, गवत वगैरे" असे असेल, तर वगैरेसाठी कोणी भांडत नाही. तेथे शेवळ, भारंगी, दिंडा, मुसळी, कारवी अशी नावे असतील, त्यांचे ऋतू असतील, त्यांवर कोणाची चूल आणि कोणाची मजुरी चालते हे लिहिलेले असेल, तर त्या कागदाला उत्तर द्यावेच लागेल.

या पावसाळ्यात आपापल्या गावच्या एका टेकडीपासून, एका राईपासून आरंभ करावा, ही विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.